पाण्यातला कॅमेरा घेताना आधी झाकण बघा

या वेळी आलेल्या पत्रांतली चार पाण्याशी संबंधित आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे. पत्र लिहिणाऱ्या बाईंचं काम मला फार मोलाचं वाटतं, आणि त्यांनी विचारलेलंच इतरही अनेकजण दुकानात येऊन विचारतात.

ताई, नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उधाणाच्या दिवसांत मोठी ओहोटी लागली की आठवी-नववीच्या मुलांना घेऊन खडकांवर जाते. डबक्यांतली समुद्रफुलं, खेकडे, गोगलगायी यांचे फोटो काढून शाळेत नोंदवही ठेवतो. गेल्या हिवाळ्यात माझा फोन अशाच एका डबक्यात पडला. पाण्यात चालतो म्हणून घेतला होता, दोन दिवसांत बंद झाला. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत बसत नाही. आता माजी विद्यार्थ्यांनी साठ हजार रुपये जमवून दिले आहेत. पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा घ्यायचा आहे. पंधरा मीटरवाला घ्यावा की तीस मीटरवाला? काहीजण ॲक्शन कॅमेरा घ्या म्हणतात. जुना घेतला तर पैसे वाचतील का? मुलांच्या हातात द्यायचा आहे, हे लक्षात घेऊन सांगा.
– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

बाई, आधी फोनचं सांगते, म्हणजे तीच चूक कॅमेऱ्याच्या बाबतीत होणार नाही. फोनवर आयपी-६८ असं लिहिलेलं असतं, म्हणजे धूळ आणि पाणी अडवण्याच्या चाचणीत तो उतरलेला असतो. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर केलेली असते. तुमचा फोन पडला खाऱ्या पाण्यात, आणि तोही बहुधा वर्ष-दोन वर्षं वापरलेला, एक-दोनदा हातातून पडलेला. फोनच्या आत पाणी अडवणारी गोंदाची पट्टी असते, ती उन्हाने आणि धक्क्यांनी सुटत जाते. शिवाय चार्जिंगच्या खाचेत खारं पाणी राहिलं आणि तसंच चार्जिंगला लावलं, तर खाचेतल्या पिना एका रात्रीत काळ्या पडतात. दुकानदाराने वॉरंटी नाकारली, त्याचं कारण बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीच्या कागदातच असतं. पाण्याने झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं असतं.

आता मीटरचं. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हाच आकडा छापतात, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. पंधरा मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोचा जादा दाब. तुम्ही उभ्या असता गुडघाभर पाण्यात आणि कॅमेरा बुडणार वीतभर. तीस मीटरवाला निकॉनचा डब्ल्यू-३०० हा २०१७ सालचा, एकतीस मीटरवाला पॅनासॉनिकचा एफटी-७ हा २०१८ चा. दोन्ही चांगले कॅमेरे होते, पण आता ते नवे मिळत नाहीत, आणि मिळाले असते तरी त्या जादा पंधरा मीटरचा तुम्हाला काही उपयोग नव्हता. हा आकडाही स्थिर पाण्यातला असतो. कॅमेरा हातात धरून पाण्यात उडी मारली, किंवा नळाच्या जोरदार धारेखाली धरला, तर त्या क्षणी पडणारा दाब वेगळाच असतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

गेली सव्वीस वर्षं मी कॅमेरे दुरुस्त करते. त्यातली पहिली नऊ वडिलांच्या हाताखाली, मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात. पाणी शिरलेले कॅमेरे माझ्याकडे आले ते जवळजवळ सगळे उथळ पाण्यातून आले. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करताना, अलिबागला लाटांत, रिसॉर्टच्या तरणतलावात. एकाचं सांगते. अलिबागहून आलेल्या एका कुटुंबाचा कॅमेरा होता, जेमतेम तीन महिने वापरलेला. बॅटरीचं झाकण उघडलं तर आतल्या सोनेरी पट्ट्यांवर मिठाची पांढरी खपली आणि तिच्या कडेने हिरवा गंज. झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारी रबराची चौकट असते. ती मी भिंगाखाली धरली. एका कोपऱ्याजवळ एक केस आडवा पडला होता. लहान मुलाचा असावा, तांबूस आणि बारीक. तो चिमट्याने उचलला तर रबरावर त्याच्या जाडीची खाच उमटलेली दिसली, कागदावर नखाने रेघ ओढावी तशी. पाणी तिथूनच आत गेलं. कॅमेरा पंधरा मीटरचा होता आणि बुडाला होता मुलाच्या कमरेइतक्या पाण्यात.

म्हणून माझा सल्ला असा, की कॅमेरा हातात घेतल्यावर आधी त्याचं झाकण बघा. बंद करताना खटका स्पष्ट बसतो का? एका खटक्यावर भागवलंय की दुसरं लॉकही आहे? झाकण अर्धवट लागलं तर खूण दिसते का? रबर झाकणावर आहे की कॅमेऱ्याच्या अंगावर, आणि तिथे बोट पोचून ते पुसता येतं का? आणि दुकानदाराला हे नक्की विचारा, की हे रबर वर्षाने बदलून कुठे मिळेल. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा रबर बदलून घ्या असं पुस्तिकेत लिहितात, ते खराब दिसत नसलं तरी. बदलून देणारी अधिकृत जागा आपल्याकडे नसेल, तर तो कॅमेरा तुमच्यासाठी एक-दोन वर्षांचाच आहे असं समजून निर्णय घ्या.

या कसोटीवर आणि तुमच्या कामासाठी मी ओएम सिस्टीमचा टीजी-७ घ्या म्हणेन. हे पूर्वीचं ऑलिंपस. २०२१ च्या सुरुवातीला त्यांचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे गेला, म्हणून नाव बदललं. टीजी-७ हा २०२३ चा. त्याआधीचा टीजी-६ हा २०१९ चा, आणि लेन्स दोघांची सारखीच. पंधरा मीटर खोली, दोन मीटरवरून पडण्याची तयारी, उणे दहा अंश थंडी, आणि दोन्ही झाकणांना दुहेरी लॉक. टीजी-७ मध्ये आजच्या फोनला चालते तीच टाइप-सी केबल चालते. शाळेत या गोष्टीला महत्त्व आहे, कारण वेगळी केबल हरवली की कॅमेरा कपाटात जाऊन पडतो.

पण खरं कारण निराळं आहे. या कॅमेऱ्यात मायक्रोस्कोप नावाची सोय आहे. लेन्सच्या काचेपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू तो स्पष्ट टिपतो, आणि झूम केलेला असतानाही टिपतो. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाची मंडळी लोकांना ओहोटीला किनाऱ्यावर घेऊन जातात. अशाच एका फेरीला मी हाजी अलीच्या खडकांवर टीजी-६ घेऊन गेले होते. एका तळव्याएवढ्या डबक्यात भाताच्या दाण्याएवढी समुद्री गोगलगाय होती. शंख नसलेली, पाठीवर पिसांसारखे कल्ले असलेली. नुसत्या डोळ्यांना तो एक पिवळट ठिपका होता. कॅमेरा पाण्यात टेकवला, तोंड तिच्यासमोर बोटाच्या पेराइतकं आणलं, आणि पडद्यावर तिच्या डोक्यावरच्या दोन शिंगांवरची वळी मोजता आली. माझ्या शेजारी एक शाळकरी मुलगी वाकून बघत होती, तिने श्वास रोखून धरला होता. तुमच्या मुलांना हे दिसावं असं मला मनापासून वाटतं.

त्यात एक अडचण येते, ती आधी सांगते. एक सेंटिमीटरवर गेलं की कॅमेऱ्याचीच सावली प्राण्यावर पडते. यासाठी लेन्सभोवती बसवायचं एक प्लास्टिकचं कडं मिळतं, एलजी-१ नावाचं. कॅमेऱ्याच्या पुढच्या छोट्या दिव्याचा उजेड ते लेन्सभोवती फिरवतं. किंमत फार नसते. ते घ्याच. फ्लॅश मात्र डबक्यात बंद ठेवा. पाण्यात तरंगणारा गाळ त्याने उजळतो आणि फोटोत पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस दिसतो.

दुसरी गोष्ट चित्राच्या दर्जाची. या जातीच्या कॅमेऱ्यांत लेन्स बाहेर येत नाही, अंगातल्या अंगातच सरकते. बाहेर येणारी नळी नाही, म्हणून पाणी शिरायची जागाही नाही. त्यासाठी सगळं लहान ठेवावं लागतं आणि चित्र टिपणारा सेन्सरही लहानच असतो. टीजी-७ चं चित्र बारा मेगापिक्सेलचं आहे. संध्याकाळी वर्गातल्या कार्यक्रमाचे फोटो तुमच्या चांगल्या फोनवर याहून बरे येतील. उन्हात, खडकावर, पाण्याखाली मात्र फोन त्याच्या जवळपासही येत नाही. भिजलेल्या पडद्यावर बोट चालत नाही, हा फोनचा मोठा दोष. इथे खरीखुरी बटणं आहेत, ओल्या हातानेही दाबता येतात. शिवाय जीपीएस आहे. फोटोसोबत जागा आपोआप नोंदली जाते, तुमच्या नोंदवहीला ते फार उपयोगी पडेल.

अमेरिकेत हा कॅमेरा आला तेव्हा साधारण ५५० डॉलरला होता. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर कर आणि आयातीचा खर्च चढतो. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल घ्या, आणि वॉरंटी भारतातली आहे का, हे बिलावर लिहून घ्या. साठ हजारांतले चार-पाच हजार बाजूला ठेवा. तरंगणारी दोरी, ते कडं, एक जादा बॅटरी आणि पुढच्या वर्षीचं रबर, यासाठी.

हा भाव झेपला नाही तर पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-९० बघा. तोही २०२३ चाच, चौदा मीटरचा, आणि बराच स्वस्त. त्याच्या लेन्सभोवती सहा छोटे दिवे कंपनीनेच बसवलेले आहेत, तेव्हा सावलीचा प्रश्न वेगळं कडं न घेता सुटतो. जवळचे फोटो तोही काढतो. त्याच्या लेन्समध्ये उजेड कमी येतो, आणि टीजीसारख्या रॉ फाइल तो देत नाही, म्हणजे फोटोतला रंग मागाहून सुधारायला वाव कमी. शाळेच्या नोंदवहीसाठी तरीही पुरेसा आहे.

ॲक्शन कॅमेरा म्हणजे अंगावर किंवा वाहनावर लावायचा छोटा कॅमेरा. त्याचा आग्रह धरणाऱ्यांनी तो सायकलवर किंवा समुद्रात पोहताना वापरलेला असणार. तिथे तो उत्तमच. पण त्याची लेन्स अगदी रुंद दृश्य बघते, आणि वेगळी जवळची लेन्स लावल्याशिवाय फूटभर अंतराच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. तुमची गोगलगाय त्यात ठिपकाच राहील.

जुना घेऊ नका. हे मी जुने कॅमेरे विकणाऱ्या गल्लीत बसून सांगतेय. साधा कॅमेरा जुना घ्यायला माझी काहीच हरकत नसते, मी स्वतः शोधून देते. पण पाण्यातल्या कॅमेऱ्याचं रबर किती उन्हात तापलं, तो किती वेळा पडला, कोणी उघडला होता का, हे बाहेरून कळत नाही. माझ्याकडे एकदा एका दुरुस्ती केंद्रातून पडदा बदलून आणलेला कॅमेरा आला होता. काम सफाईदार होतं, पण बंद केल्यावर दाबाची चाचणी केलेली नव्हती, आणि मालकाला कोणी तसं सांगितलंही नव्हतं. पहिल्याच बुडीत तो गेला. अशी चाचणी करायचं यंत्र माझ्याकडेही नाही. म्हणून असा कॅमेरा मी उघडला, तर बिलावर ‘यापुढे पाण्यात नेऊ नये’ असं लिहून देते आणि गिऱ्हाइकाची सही घेते. काहीजण नाराज होतात. तरी लिहिते.

आता वापरायचं. बॅटरी आणि कार्ड आदल्या रात्री घरी, कोरड्या खोलीत, पंख्याखाली न बसता घाला. पंख्याने केस आणि धूळ उडते. रबर आणि ते जिथे टेकतं ती कड, दोन्ही सुती नसलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. चष्म्यासोबत मिळतं ते कापड चालतं. दिव्याखाली तिरकं धरून एकदा बघा, केस सरळ बघून दिसत नाही. दोन्ही लॉक लावा. किनाऱ्यावर झाकण उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. बॅटरी संपली तर काम थांबवा. रबराला ग्रीस लावायचा सल्ला कोणी दिला तर पुस्तिकेत तसं लिहिलंय का ते आधी बघा. नसेल तर लावू नका, ग्रीसला वाळू चिकटते.

तापलेल्या कातळावर कॅमेरा ठेवून मग थंड पाण्यात बुडवू नका. आतली हवा गरम असते, ती एकदम आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढू पाहते. ओल्या पंच्यात गुंडाळून सावलीत ठेवा.

घरी आल्यावर बंद कॅमेरा बादलीभर गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, आणि पाण्याखालीच सगळी बटणं पाच-पाच वेळा दाबा. बटणांच्या फटीत बसलेलं मीठ तसंच निघतं. बाहेर काढून पुसा, सावलीत वाळू द्या, पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडा. वाळेपर्यंत व्हिडिओचा आवाज बुजल्यासारखा येईल. माइकच्या भोकात पाणी असतं, ते आपोआप सुकतं. तिथे टाचणी घालू नका. भोकाच्या आत पाणी अडवणारा पातळ पडदा असतो, टाचणीने तो फाटतो. टाचणीचं भोक पडलेले दोन कॅमेरे माझ्या खणात आजही आहेत, शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायला.

मुलांच्या हातात देताना दोरी मनगटात हवी, आणि तीही तरंगणारी, भडक नारिंगी. कॅमेरा अडीचशे ग्रॅमचा आहे, सुटला की दगडासारखा खाली जातो. दोरी कॅमेऱ्यासकट तरंगते का, हे बादलीत बघून घ्या. आणि तुम्हाला ठाऊक असेलच, तरी लिहिते. नक्षीदार, शंकूसारखा निमुळता शंख दिसला तर फोटो काढू द्या, उचलू देऊ नका. कोन शंखाचा दंश विषारी असतो. फोटोसाठी उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

पहिले फोटो निघाले की एक मला पाठवा, बाई.

मी पावसाळ्यात सह्याद्रीत भटकतो. माझ्याकडे पाण्यात चालणारा छोटा कॅमेरा आहे. गाडीतून उतरून चालायला लागलो की पहिला अर्धा तास सगळे फोटो धुरकट येतात. कॅमेरा बिघडलाय का? – एक वाचक, नाशिक

धुकं काचेच्या बाहेर धरतंय की आत, ते आधी बघा. कोरड्या कापडाने पुसलं आणि गेलं, तर बाहेरचं. गाडीत एसी लावून आलात, कॅमेरा गार झाला, बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प त्यावर जमलं. थंडगार तांब्याला घाम फुटतो तसंच. पुढच्या वेळी बॅग मागे डिकीत ठेवा, किंवा उतरायच्या आधी वीस मिनिटं एसी बंद करून खिडक्या उघडा.

पुसूनही गेलं नाही तर आत दमट हवा अडकली आहे. म्हणजे तुम्ही पावसात कुठेतरी, टपरीवर चहा पिताना वगैरे, झाकण उघडून बॅटरी बदलली असणार. घरी कोरड्या दिवशी झाकण उघडून, बॅटरी काढून, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस ठेवा. त्यानंतरही आत धुकं आलं तर पाणी शिरायला सुरुवात झाली असं समजा आणि तो फक्त कोरड्यात वापरा.

लेन्सवर पावसाचा थेंब राहिला तरी चित्रात मधोमध पुसट डाग येतो, आणि छोट्या पडद्यावर तो पटकन लक्षात येत नाही. दर चार-पाच फोटोंनंतर काच बघायची सवय लावा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, त्यात माती असते. पावसात फ्लॅश बंद.

बोगद्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता आहे. रोजचे प्रगतीचे फोटो काढावे लागतात. चिखल, धूळ, काँक्रीटचे शिंतोडे, आणि कॅमेरा पडतोच. मजबूत कोणता? – एक वाचक, पनवेल

तुमच्यासारख्यांसाठीच ही जात मुळात वाढली. जपानमध्ये कोनिकाने १९८८ साली फिल्मचा एक दणकट कॅमेरा काढला, त्याचं नावच ‘गेंबा कांतोकु’, म्हणजे कामावर देखरेख ठेवणारा, आपल्या भाषेत मुकादम. जपानी बांधकामांवर तो खूप चालला.

पडण्याचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. ‘दोन मीटरवरून पडला तरी चालतो’ ही चाचणी साधारणपणे पाच सेंटिमीटर जाडीच्या प्लायवूडवर पाडून घेतलेली असते. तुमच्याकडे खाली काँक्रीट आणि सळया. तेव्हा कॅमेरा पट्ट्याला अडकवलेला हवा, नुसता खिशात नको. पडल्यानंतर तो चालू आहे म्हणजे पाणीही अडवेल असं नाही. झाकण थोडं जरी वाकलं असेल तरी धुवायला पाण्यात बुडवू नका. सिमेंटचा शिंतोडा वाळायच्या आत धुवा, वाळलेला खरवडताना काचेवर चरे पडतात.

बाकी वर सांगितलेला डब्ल्यूजी-९० तुम्हाला पुरेल. कार्यालय खर्च देत असेल तर टीजी-७ घ्या. बोगद्यातल्या अंधारात त्याची लेन्स जास्त उजेड घेते. हातमोजे घालून बटणं दाबून बघितल्याशिवाय मात्र कोणताच घेऊ नका. हातमोजे दुकानात सोबत न्या.

तातडीचं आहे. काल समुद्रात कॅमेऱ्यात पाणी गेलं. तांदळात ठेवलाय. चालू करून बघू का? त्यात मुलीच्या पहिल्या पोहण्याचे फोटो आहेत. – एक वाचक, वसई

तुमचा निरोप मासिकाच्या कचेरीत फोनवर आला. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे देते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. चालू करू नका. चार्जिंगला लावू नका. तांदळातून काढा. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, वर त्याचा भुगा फटींत जातो, आणि मीठ तर आतच राहतं. बॅटरी लगेच काढा. खाऱ्या पाण्यात बॅटरी जोडलेली राहिली की तासागणिक गंज वाढतो. कार्ड काढा.

कॅमेरा आतून खाऱ्या पाण्याने भरलाच असेल, तर झाकण उघडं ठेवून गोड्या, शक्यतो बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्यात धुवा आणि ओला असतानाच दुरुस्तीला न्या. तो वाचेल अशी आशा मात्र कमी ठेवा. मी अशातले थोडेच वाचवू शकले आहे.

कार्डाची गोष्ट वेगळी. कार्डात फिरणारं काही नसतं, बहुतेक ती जिवंत राहतात. गोड्या पाण्याने धुवा, पिवळ्या पट्ट्यांवर बोट न लावता टिपून घ्या, दोन दिवस सावलीत कोरडं होऊ द्या आणि मगच संगणकाला लावा. ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा आणि तिथेच थांबा. त्यावर काही लिहिलं गेलं नाही तर फोटो परत काढता येतात. कॅमेरा राहू द्या घरी, कार्ड एका छोट्या डबीत घालून माझ्याकडे घेऊन या.